झाकणभर पाणी

शिडीच्या मधल्या पायरीवर मामाजी थांबले आणि खाली वाकून मला म्हणाले, "जवाईबापू, वरतं संडासची सोय आहे का?"

मी खालून शिडी धरून उभा होतो. अजून उजाडायचं होतं, थंडीने माझ्या नाकाचा शेंडा बधिर झाला होता आणि झाडाजवळ आल्यापासून मी त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होतो. नाही म्हणून मान हलवली. "मंग पह्यलेच सांगाचं ना," असं पुटपुटत ते पुन्हा वर चढू लागले.

मामाजी म्हणजे माझे सासरे, दौलतराव वैरागडे. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचा उभा जन्म गेला. त्या सकाळी मात्र ते अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, आमच्या शेजारच्या डेलच्या शेताच्या कडेला, एका ओकच्या झाडाला टेकवलेल्या लोखंडी मचाणावर चढत होते. अंगात माझा जुना, पानापानांच्या नक्षीचा शिकारीचा पोशाख होता. तो त्यांना दोन्हीकडून मोठा होत होता. त्यावर हिंगणघाटच्या बाजारातली तपकिरी माकडटोपी आणि गळ्यात पट्ट्याने अडकवलेला थर्मास. हरिण दिसो न दिसो, हरणाला आम्ही नक्की दिसणार याची मला खात्री होती.

त्यांना मचाणावर आणण्याची कल्पना ज्योत्स्नाची, म्हणजे माझ्या बायकोची. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. मामाजी हिंगणघाटच्या घरात एकटे राहत होते, स्वतःच्या हाताने खिचडी करून खात होते, आणि ज्योत्स्नाच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. ते काही महिन्यांसाठी आले होते, पण आता त्यांनी कायमचं आमच्याकडेच राहावं, असं तिने ठरवलं होतं. ती एकुलती एक. कागदपत्रांची सगळी माहिती तिने काढून ठेवली होती, खालची खोली रंगवून घेतली होती. मामाजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "पाहू," म्हणायचे. माझ्याशी ते राजकारणापासून मूळव्याधीपर्यंत वाटेल त्या विषयावर बोलायचे, पण लेक समोर आली की गप्प. तिने विचारायचं आणि त्यांनी तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं. तिने पाणी पुढे केलं तरी "आहे माह्याजवळ" म्हणून थर्मास दाखवायचे. तो थर्मास ते स्वतः भरायचे. स्वयंपाकघरात उभं राहून पाणी गरम करायचे, गाळायचे, भरायचे, आणि दिवसभर त्याच्या झाकणातून घोटघोट प्यायचे.

"तुझ्याशी बोलतात ते," ज्योत्स्ना आदल्या संध्याकाळी मला म्हणाली होती. "तूच विषय काढ. झाडावर बसवलंस तर पळून कुठे जाणार आहेत?"

ती तेव्हा सावजी मसाला भाजत होती आणि घरभर खसखस-खोबऱ्याचा वास सुटला होता. डेलने मागच्या वर्षी दिलेलं हरणाचं मटण तिने सावजी पद्धतीने केलं होतं आणि डेल डोळ्यांतून पाणी काढत तीनदा वाढून घेऊन जेवला होता. यंदा आपल्या घरचं हरिण हवं, असा तिचा हुकूम होता. "हरिण आण आणि बाबांचा होकार आण," म्हणाली. पैकी दुसरं तिला जास्त हवं होतं हे मला सांगायला नको होतं.

मी मूळचा सांगलीचा. तिथे असताना डासापलीकडे मी काही मारलेलं नव्हतं. पण विस्कॉन्सिनचा हिवाळा माणसाला काहीतरी करायला लावतो. डेलने मला आधी तिरंदाजी शिकवली, मग परवाना काढायला लावला, मग त्याच्या शेतात मचाण दाखवलं. धनुष्य म्हणजे चाकं आणि दोऱ्या असलेलं आधुनिक यंत्रच. बंदुकीने कोणीही मारतं, डेल म्हणायचा, धनुष्यासाठी बसता आलं पाहिजे. बसणं मला जमत होतं. दोन वर्षांपूर्वी एक हरिण मी नीट पाडलंही होतं आणि त्यामुळे मला थोडा माज आला होता.

वर बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मामाजींच्या कमरेचा पट्टा मी झाडाला अडकवला. तेवढ्यात मला वास आला. हरणाला वास लागू नये म्हणून मी आठवडाभर बिनवासाच्या साबणाने कपडे धुतले होते, दाढी केल्यावर काही लावलं नव्हतं. आणि मामाजींनी दोन्ही गुडघ्यांना भरपूर बाम चोळला होता.

"मामाजी, बाम लावलाय?"

"मंग? थंडी आहे म्हनलं."

मी कपाळाला हात लावला. सुदैवाने वारा आमच्या तोंडावर येत होता.

हळूहळू दिसायला लागलं. समोर कापून झालेल्या मक्याची धसकटं, त्यांच्यावर गोठलेलं पांढरं दव. उजवीकडे उंच वाळलेलं गवत आणि त्याच्या पलीकडे एक ओढा. मामाजी पाहत राहिले. घरातल्यापेक्षा त्यांचा चेहरा मोकळा वाटत होता. एका खारीला त्यांनी हरिण समजून माझ्या मांडीला चिमटा काढला आणि खार कळल्यावर स्वतःच तोंडावर हात ठेवून हसले.

मला वाटलं, हीच वेळ आहे. कुजबुजत म्हटलं, ज्योत्स्नाची फार इच्छा आहे तुम्ही इथेच राहावं म्हणून, माझीही आहे. खालची खोली तुमची. नातीलाही तुमची सोबत होईल. उन्हाळ्यात भाजी लावता येईल.

ते समोरच पाहत होते. "आता हे बोलाचं का हरन पाहाचं?"

"दोन्ही."

"हरन भेटू द्या. मंग सांगतो. आज सांगतोच."

एवढं तरी मिळालं म्हणून मी गप्प बसलो.

सूर्य वर आल्यावर ती आली. मोठी मादी होती, एकटी, मक्याच्या कडेने खाली मान घालून दाणे टिपत. मामाजींचा श्वास थांबलेला मला जाणवला. मी धनुष्य उचललं, ती झाडाआड गेल्यावर ताणलं आणि ती पुढे येण्याची वाट पाहिली. ती आली. आडवी उभी राहिली. मी नेम धरला आणि तीर सोडला, आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं.

तो एक पाऊल पुढे टाकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, खरं तर तसा काही आवाज झाला नव्हता.

तीर मागे लागला. छातीत लागायला हवा होता, तो पोटात लागला. ती उडी मारून पळाली नाही. पाठीची कमान करून, पोट आत ओढून, हळू चालत उंच गवताकडे गेली. तिथे उभी राहिली आणि मग गुडघे मोडून बसली. गवतातून तिचं डोकं आणि कान दिसत होते.

"लागला ना?" मामाजींनी विचारलं.

लागला, पण चुकीचा, मी म्हणालो. छातीत लागलेलं जनावर लगेच पडतं, पोटात लागलेलं कित्येक तास जगतं. अशा वेळी एकच नियम असतो आणि तो डेलने मला पहिल्या दिवशी घोकून घेतला होता. जवळ जायचं नाही. तिला वाटलं पाहिजे की मागे कोणी नाही. मग ती आहे तिथेच पडून राहते आणि तिथेच मरते. माणूस दिसला तर भीतीने उठते, मैलभर पळते आणि कुठेतरी तडफडत, कोणाला न सापडता मरते. म्हणून गुपचूप खाली उतरायचं, घरी जायचं आणि दुपारनंतर यायचं. हे सगळं मी मामाजींना कुजबुजत सांगितलं.

"म्हंजे ते तशीच पडून राहीन?"

"हो."

"जिती?"

"हो."

"अन् आपन?"

"आपण थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, त्यांना माझी किळस आली असावी, आणि तशी येणं मला रास्त वाटलं.

खात्री करण्यासाठी मी डेलला फोनवर निरोप पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: आवाज न करता उतरा, घरी या, दुपारपर्यंत कोणी तिकडे फिरकू नका. मी मामाजींना सांगितलं की डेलचंही तेच म्हणणं आहे.

"त्याले समजते यातलं?"

"आयुष्यभर करतोय तो हे."

"डॉक्टर झाला म्हना," मामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

गवतात तिने मान वर केली होती. तोंड उघडं पडलं होतं आणि श्वासाची वाफ दिसत होती. जीभ बाहेर येऊन ओठांवरून फिरत होती आणि परत आत जात होती.

"पानी मागून राह्यली ते," मामाजी म्हणाले.

मी धनुष्याला दोरी बांधू लागलो.

"दोन थेंब तर देल्ले पायजे, जवाईबापू."

मी त्यांना पुन्हा समजावलं. जनावर आहे ते मामाजी, माणसाच्या हातून पाणी घेणार नाही. जवळ गेलात तर उठेल, आणि मग तिचे हाल जास्त होतील. तिच्या भल्यासाठीच थांबायचं. ते ऐकून घेत होते, मान डोलवत होते. मला वाटलं पटलं.

मचाणावरून उतरताना धनुष्य आधी दोरीने खाली सोडायचं असतं, हातात घेऊन उतरायचं नसतं. मी पाठमोरा होऊन दोरी सोडू लागलो. दोरी एका फांदीला अडकली. ती सोडवण्यात माझा वेळ गेला, आणि शिडी हलल्याचं कळलं तेव्हा मामाजी खाली पोचले होते.

मी त्यांना ओरडून थांबवू शकत नव्हतो. ओरडलो असतो तर तीच उठली असती. "मामाजी," मी जेवढं कुजबुजता येईल तेवढ्या जोरात कुजबुजलो. त्यांनी वर पाहिलंही नाही. माकडटोपी काढून खिशात घातली. थर्मासचं झाकण उघडून त्यात पाणी ओतलं. मग ते झाकण दोन्ही हातांत धरून, दारात आलेल्या पाहुण्याकडे निघावं तसे, गवताकडे चालू लागले. पाण्यातून वाफ निघत होती.

मी वरून पाहत होतो. ती त्यांच्याकडे पाहत होती. ते सरळ तिच्याकडे गेले नाहीत, थोडे वळसा घालून गेले, अधूनमधून थांबत. ती उठली नाही. एवढ्या जवळ माणूस येऊनही ती उठली नाही तेव्हा मला वाटून गेलं, डेलचा नियम चुकतोय की काय. मामाजी गुडघ्यावर बसले. झाकण पुढे केलं. काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. तिने मान पुढे केली, निदान मला तरी तसं दिसलं.

आणि मग ती उठली. कुठून आली ती ताकद कोण जाणे. एका झटक्यात मामाजींच्या अंगावरून गेल्यासारखी उडाली, गवत मोडत ओढ्यात शिरली, पलीकडे निघाली आणि झाडीत नाहीशी झाली. मामाजी मागे पडले होते. पाणी त्यांच्याच छातीवर सांडलं होतं.

मी शिडी कशी उतरलो मला आठवत नाही. त्यांच्याजवळ जाऊन मी आधी त्यांना उठवलं, हातपाय पाहिले, आणि काही लागलं नाही हे कळल्यावर माझा राग बाहेर पडला. मोठ्या माणसाशी बोलू नये तसं बोललो. एवढं सांगितलं होतं तुम्हाला, म्हणालो, थांबा म्हणून सांगितलं होतं ना?

"थांबलो होतो ना बाप्पा," ते म्हणाले. "त्या टायमाले थांबलोच होतो."

मला कळेना. ते तिथेच, दव वितळून ओल्या झालेल्या गवतावर बसले. छातीवरचा ओला पोशाख गार पडला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग ते बोलू लागले, माझ्याकडे न पाहता, जिथे ती बसली होती त्या दबलेल्या गवताकडे पाहत.

"जोस्नाची माय पानी मागत होती. बोलनं तर गेलंच होतं तिचं. हात असा ओठाले लावे. नागपूरचे डॉक्टर म्हनत, गिळता येत नाही, पानी छातीत जाईन, तोंडातून काही द्याचं नाही. ओला कापूस ओठाले लावा म्हने. मी लावत राह्यलो. जलम कापसात गेला माहा, अखरीले तोच हातात आला. ते तो कापूस चोखे. मंग नर्सनं तेबी बंद केलं."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"अखरीच्या दिवशी डॉक्टरच म्हनला, आता काही राह्यलं नाही काका, द्याचं असन तं द्या, तुमच्या मनावर आहे. मी वाटी भरली. म्हनलं एकदा पोरीले विचारून घेऊ. शिकलेली आहे ते. फोन लावला. ते रस्त्यात कुठं इमानतळावर होती."

फ्रँकफर्टला होती. मला आठवत होतं. आमची मुलगी आजारी होती म्हणून मी इथेच थांबलो होतो आणि ज्योत्स्ना एकटी निघाली होती.

"रडत होती. म्हने बाबा, काहीच देऊ नका. मी येऊन राह्यली ना, मी येईपर्यंत थांबा. म्हनलं बरं. थांबलो. वाटी हातात धरून थांबलो, जवाईबापू. तिनं वाटीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. तशी पाहत पाहतच गेली."

ओढ्याच्या पलीकडे कावळे ओरडत होते.

"जोस्ना सकाळी पोचली. तिनंच गंगाजल घातलं तोंडात. सारं बाजूनं निघून गेलं, गालावरून. मी पुसलं."

ज्योत्स्नाने मला सांगितलं होतं की आई झोपेतच गेली. मी तसं म्हणालो.

"मीच सांगतलं तसं. अन् तुमीही तेच सांगाचं."

मी म्हणालो, मामाजी, हे तिला कळायला हवं. तुम्ही तिच्याशी नीट बोलत नाही, तिला वाटतं तुमचं काहीतरी बिनसलंय तिच्याशी. एकदा सांगून टाकलंत तर दोघंही मोकळे व्हाल.

"काय सांगू? तुह्या शब्दापायी तुही माय तहानलेली गेली, असं सांगू?" पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिची काही चूक आहे का यात? मायेपोटीच बोलली ते. पन आयकलं तं जलमभर पानी गोड लागन का तिले?"

मी रुमालाने त्यांच्या छातीवरचं पाणी टिपू लागलो.

"म्हनून राह्यता येत नाही मले इथं. हे तुमाले सांगतो म्हनलं होतं ना, हरन भेटल्यावर. रोज तिच्या हातचं खाईन, तिचं तोंड पाहीन, अन् एखाद्या दिवशी रागात, नाही तं म्हातारपनाच्या भरात, तोंडून निघून जाईन. हिंगनघाटले भिंतीजवळ बोललो तं चालते. शब्द द्या मले."

मी शब्द दिला. ओल्या गवतावर बसून, त्यांच्या गार हातात हात देऊन दिला. दुसरं काय करायचं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

दुपारी डेल आला. आम्ही तिघं ओढ्याच्या कडेने निघालो, कारण पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, असं डेल म्हणाला. मी ते मामाजींना भाषांतर करून सांगितलं नाही. थोड्या अंतरावर रक्ताचे थेंब होते, मग अजून दूर एखादा, मग नाहीच. ओढा रस्त्याखालून दुसऱ्याच्या हद्दीत जात होता. त्या मालकाला विचारून आम्ही तिथेही शोधलं. अंधार पडायला लागला तेव्हा डेलने टोपी काढून डोकं खाजवलं आणि मला विचारलं, हे तिच्याजवळ गेले तरी कशाला? पाणी द्यायला, मी म्हणालो. डेलने मामाजींकडे पाहिलं. तो मागे फिरला, सकाळच्या जागी गेला, गवतात पडलेलं थर्मासचं झाकण शोधून आणलं, पँटवर पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

घरी ज्योत्स्ना वाट पाहत होती. मी दारातच सांगितलं की हरिण हाती लागलं नाही. तिने माझ्याकडे दुसऱ्या गोष्टीसाठी भुवई उंचावून पाहिलं आणि मी मान हलवली. तिचा चेहरा पडला. एवढ्यात मामाजी हात धुता धुता म्हणाले, "माह्याच्यानं झालं पोरी. जवाई थांबा म्हनत होते, मीच गेलो जवळ."

दिवसभराची, कदाचित वर्षभराची, तिची सगळी निराशा तेवढ्या फटीतून बाहेर आली. ती कधी त्यांना असं बोलत नसे.

"थांबता येत नाही का हो बाबा तुम्हाला? एवढं सांगितलं तर अर्धा दिवस थांबता आलं नाही? बिचारं जनावर कुठे तडफडत मेलं असेल तुमच्यामुळे."

नळ वाहत होता. मामाजींनी तो नीट बंद केला.

"चुकलं माय," ते म्हणाले. "थांबाले पायजे होतं."

मी ताटं मांडायला घेतली. त्या रात्री आम्ही सावजी मसाल्यात अंडी खाल्ली.

डिसेंबरात ते परत गेले. ज्योत्स्नाची अशी पक्की समजूत झाली की त्या संध्याकाळच्या बोलण्यामुळेच ते गेले. किती वेळा म्हणाली, एका हरणापायी मी बापाला बोलले रे. फोनवर त्यांची माफी मागायची तर ते हसायचे. "कोनतं हरन?" म्हणायचे आणि हिंगणघाटचं तापमान सांगू लागायचे. ती फोन ठेवून डोळे पुसायची आणि मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायचो. एक वाक्य बोललो असतो तर तिचं हे दुःख गेलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं, कितीतरी मोठं आलं असतं. मी माझं धनुष्य डेलच्या कोठारात टांगून आलो, ते अजून तिथेच असेल. डेलने का म्हणून विचारलं नाही.

मामाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. या वेळी ज्योत्स्ना वेळेवर पोचली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दवाखान्यात न्यायचं नाही, म्हणून ते घरीच होते, आणि ती उशाशी होती. मी निघायच्या तयारीत होतो तेव्हा तिचा फोन आला. ते गेले होते. मागे बायकांचे आवाज येत होते, कोणीतरी तिला चहा घे म्हणत होतं. ती रडत नव्हती. बोलत होती, एकसारखी, थकलेल्या आवाजात.

"वाटी-चमचा घेऊनच बसले होते मी. ओठ सुकले होते त्यांचे. शुद्धीत होते, मला ओळखत होते, हात धरला होता माझा. मी चमचा ओठाला लावला तर तोंड घट्ट मिटून घेतलं. पुन्हा लावला, तर मान फिरवली. नाहीच घेतलं रे पाणी माझ्या हातून." मग तिने विचारलं, "त्या दिवसाचा राग होता का अजून त्यांच्या मनात?"

इतक्या वर्षांनी मला ते पुन्हा दिसले, दोन्ही हातांत झाकण धरून गवतातून चालणारे. शब्द घेणारा माणूस आता नव्हता. मी सांगू शकत होतो. तोंड उघडलंही.

"अरे, आहेस का?" ज्योत्स्नाने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "राग कसला गं. तहान नसेल त्यांना."